अण्णांचा हुकूम आणि शोभाचं कपाट

माझ्या धाकट्या बहिणीचं, शोभाचं, लग्नाचं लोखंडी कपाट आमच्या उतारावरून खालच्या रस्त्यापर्यंत सुमारे अकरा सेकंदांत पोचलं. ते तिथे पोचायला हवं होतं, हे खरं. पण थांबायलाही हवं होतं.

उंबरमाळीच्या बाजूला आमचं घर टेपाडावर आहे. रस्ता खाली, आणि मध्ये उताराची पायवाट. शोभाला मुरबाडकडे दिली होती, आणि तिकडच्या मंडळींना कपाट लग्नाच्या आदल्या दिवशी हवं होतं, गावाला दाखवायला. (नवरी कशी आहे हे लोक दोन दिवसांत विसरतात, कपाटाला आरसा होता की नाही, हे जन्मभर लक्षात ठेवतात.) आमच्या कपाटाला आरसा होता. पुरुषभर उंच! खरं तर आणलं तेव्हाच ते खाली रस्त्याकडेला कुणाच्या तरी पडवीत ठेवता आलं असतं. पण आधी आपल्या गावाने पाहायला नको? म्हणून सहा जणांनी ते आठवडाभर आधी वर चढवलं, आणि आईने त्याला हळदकुंकू लावलं.

आता ते उतरवायचं होतं, आणि ते आपणच उतरवणार असं अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, म्हणणं होतं.

अण्णा रेल्वेत कसाऱ्याला गँगमनांचे मुकादम होते. तीस वर्षं त्यांनी रूळ, स्लीपर, दगड काय वाटेल ते हलवलं, तेही फक्त दोन शब्दांवर: ‘ओढ’ आणि ‘सोड’. लग्नाच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि जिभेने शब्दांची टोकं खाल्ली. ‘ओढ’ काय आणि ‘सोड’ काय, दोन्ही ‘ओ’ होऊनच बाहेर पडायचे. आईला तेवढं कळे. आम्ही बाकीचे “हो, हो अण्णा” म्हणत असू. त्या ‘हो, हो’ने त्यांचा चेहरा कसा पडतो, ते आम्ही पाहत होतो आणि पुन्हा ‘हो, हो’ म्हणत होतो.

“पोरीचं कपाट त्येच उतरवतील म्हणतायत,” आई म्हणाली.

“अगं, पण बोलता कुठे येतंय त्यांना?” मी म्हणालो. त्यांच्यासमोरच.

मी शहापूरला शाळेत विज्ञान शिकवत होतो. उतारावरची वस्तू हा माझा धडा होता, वारसाहक्काने मिळाल्यासारखा. तेव्हा अण्णांना अंगणाच्या कडेला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली (सत्कारमूर्तीला घालतात तशी, म्हणजे त्याने आता काही करू नये म्हणून), आणि सूत्रं मी हाती घेतली. कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. उतार, वजन, घर्षण, आणि बाण. बाण फार सुंदर आले होते.

“कपाट पाठीवर आडवं. खाली गोणपाट. वरून दोन दोर. गोणपाट आणि मातीत घर्षण इतकं, की कपाट आपणहून हलणारच नाही.”

“मास्तर, मंग दोर कशाला?” पांडूमामांनी विचारलं. हे आमचे शेजारी. वीस वर्षं अण्णांच्या गँगमध्ये होते.

“खबरदारी म्हणून.”

“म्हंजे हलंल?”

“नाही हलणार!”

“मंग दोर ऱ्हाऊ द्या की.”

“धरा!”

एक दोर पांडूमामांनी धरला, दुसरा माझ्या चुलतभावाने, सुन्याने. आई आत होती. पहिली पंधरा पावलं कपाट खरोखरच हलेना; मागून ढकलावं नि पुढून ओढावं लागलं. मी अण्णांकडे वळून पाहिलं. (तेव्हा मी हसलो होतो, असं शोभा अजून म्हणते.)

एवढ्यात खुर्चीतून आवाज आला. “ओ…!” अण्णा डाव्या हाताने खुर्ची बडवत होते. “ओ… ओ…!”

पांडूमामांना ‘सोड’ ऐकू आलं. वीस वर्षांची सवय! त्यांनी तत्क्षणी दोन्ही हात मोकळे केले. सुन्याला ‘ओढ’ ऐकू आलं. त्याने दोर सगळ्या ताकदीने खेचला. कपाट जागच्या जागी आडवं फिरलं.

“मामा, ओढ म्हणाले ना!”

“मला शिकवतोस रे? सोड बोललं मुकादम!”

“कोणी काही करू नका!” मी ओरडलो.

हा हुकूम मात्र तंतोतंत पाळला गेला. सुन्यानेही दोर सोडला.

कपाट निघालं. खाली टेम्पोवाला मागची फळी उघडून उभा होता. त्याने येणाऱ्या कपाटाकडे पाहिलं आणि पुढाऱ्याची गाडी आल्यावर होतात तसा अदबीने बाजूला झाला. कपाट टेम्पोच्या शेजारून गेलं, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या पेंढ्याच्या ढिगात शिरलं. मग काच फुटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

“आरसा फुटला गो बाई! लग्नाच्या आदल्या दिवशी!” काकीने तोंडात पदर धरला. शोभा दारात उभी होती.

“मुकादम, तुमीच बोललात ना सोड?” पांडूमामा रडवेले झाले.

“अण्णांनी मध्ये बोलायलाच नको होतं,” कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी मी होतो. अण्णांनी मान खाली घातली आणि शाल डाव्या हाताने गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आई धावत आली. वाकून अण्णांच्या तोंडाशी कान नेला. मग वाट उतरून गेली, जमिनीला तळवा लावला आणि वर करून आम्हाला दाखवला. हिरवट, चिकट.

“ओढ नाय नि सोड नाय. ‘ओल’ म्हणत व्हते ते. पुढची वाट ओली हाय.”

“असणारच!” काकी म्हणाली. “सकाळी मीच शेणाचा सडा टाकला, मधल्या वळणापासून पार रस्त्यापत्तूर. पोरीचं सामान कोरड्या वाटेनं धाडायचं का काय?”

मी आकृतीकडे पाहिलं. उतार होता, वजन होतं, घर्षण होतं. शेण नव्हतं.

संध्याकाळी कपाट आरशाच्या जागी चादर बांधून गेलं. दृष्ट लागू नये म्हणून झाकलंय, असं तिकडे सांगितलं. त्यांनी ते चार दिवस मानलं.

दोन वर्षांनी अण्णा अगदीच खाटेला लागले. हवा मिळावी म्हणून खाट त्यांच्यासकट बाहेरच्या खोलीत न्यायची होती. पांडूमामा, सुन्या, शोभाचा नवरा आणि मी, चौघांनी ती उचलली. चार पावलं गेलो असू, तोच अण्णा म्हणाले, “आ…”

चौघंही जागच्या जागी गोठलो. खाट अधांतरी. सुन्याच्या दंडाची शीर थडथड उडायला लागली. पांडूमामांनी हलक्या आवाजात विचारलं, “काय हुकूम, मुकादम?”

“आ…” अण्णा पुन्हा म्हणाले.

“अरे, च्या मागतायत ते!” आई आतून ओरडली. “चला की पुढं!”

तोवर मी एका हाताने खाट पेलत, गुडघ्यांत वाकून, दुसऱ्या हाताने फरशी चाचपत होतो. कोरडी होती.