ठकूआत्याची पडवी

ठकूआत्या देवराईच्या तोंडाशी पाहुण्यांना चपला काढायला लावायची आणि मग हात पुढे करायची, "बॅटरी बी द्या हिकडं." शहरातली माणसं हसत हसत मोबाईलसुद्धा तिच्या ओच्यात टाकत. चपलांचा नेम जुना. बॅटरीचा तिने उशिरा लावला.

डिंभे धरणाच्या वर, अभयारण्याला लागून आमची वाडी. आत्या विधवा होऊन माहेरी परतलेली, म्हणून साऱ्या वाडीची आत्या. ज्येष्ठात राईतल्या हिरड्याच्या झाडांवर काजवे लगडतात. ते बघायला पुण्याहून गाड्या येऊ लागल्या, तेव्हा तिने घरी जेवणं सुरू केली. त्याच चुलीवरचा डबा मला मंचरच्या कॉलेजात एसटीने यायचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या डब्यावर वाढला.

एकदा एक पाहुणी अंधारात घसरून पडली. आत्याला ते फार लागलं. तिनेच पंचायतीच्या मागे लागून राईपाशी मोठा दिवा बसवून घेतला. गर्दी वाढली. पुढच्या एक-दोन वर्षांत दिव्याजवळच्या झाडांवर काजवा दिसेना.

गावच्या बैठकीत तीच उठली. दिवा काढा, गाड्या खाली धरणापाशीच थांबवा, थोडी माणसं चालत येऊ द्या, असं तिचं म्हणणं. तिचा भाचा म्हणाला, "आत्या, सगळ्यात जास्त ताटं तुझ्याकडं उठत्यात. तुझीच चूल इझंल."

"इझू दे. अंधार बघाया येत्यात, अन् उजेड घिऊन येत्यात. त्यात दिवा मीच मागितला व्हता, बाबा."

दिवा निघाला. गाड्या दुसऱ्या गावांकडे वळल्या. चालत येणारे मोजकेच उरले. काजवे परतले, पण पहिल्यासारखे नाहीत. आत्या मात्र दर उन्हाळ्यात आपल्या बांधावरचं सरपण तोडून पडवीत रचत राहिली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायची, "पावणं आलं तर वल्या लाकडावं भाकरी व्हनार हाय का?"

गेल्या आषाढात ती गेली. झड लागलेली; वाडीत कुणाकडे चितेपुरतं कोरडं लाकूड नव्हतं. एकाने राईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. राईत पडलेली काटकीसुद्धा आम्ही घरी आणत नाही. तिच्यासाठी तर आणणं शक्यच नव्हतं.

भाच्याने तिच्या पडवीतली ताडपत्री सारली. न आलेल्या पाहुण्यांसाठी रचलेलं सरपण पार वाशांना टेकलं होतं. तेच आम्ही खांद्यावर घेतलं. लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. लगेच पेटलं.