पाच पायऱ्या आणि एक राणी

लोहाऱ्याच्या आमच्या सोसायटीत कांताबाईंच्या तोडीचा कॅरम कोणी खेळत नाही. बाभुळगावला सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या या बाई चाकाच्या खुर्चीतून अशी टिचकी मारतात, की सोंगटी निमूट भोकात जाते. त्यांच्या टेबलावरच्या फायली मात्र इतक्या आज्ञाधारक कधीच नव्हत्या म्हणे.

बोर्ड सभागृहात आणि सभागृहाला पाच पायऱ्या. बाईंनी रॅम्पसाठी अर्ज केला. अध्यक्ष खेमसिंग दुखावले.

"रॅम्प कायले पाह्यजे, मावशी? आम्ही चौघं मेलो काय?"

चौघं म्हणजे खेमसिंग, देवसिंग, राजदीप आणि मी. उचलण्यात पुण्य असतं. सिमेंटच्या उताराचं पुण्य गवंडी घेऊन जातो. खुर्चीचे कोपरेही वाटून घेतलेले. माझा मागचा डावा. सव्वीस जानेवारीला आमच्या या सेवेचे फोटो निघाले. त्यातल्या सगळ्यात छान फोटोत बाई सोडून सगळे आले.

दिवाळीनंतर एका दुपारी बाईंनी खेमसिंगना सलग तीन डाव हरवलं. अध्यक्ष हसले, बोटांची पावडर झटकली आणि निघाले. मागून देवसिंग, राजदीप. मलाही एकदम काम आठवलं. आम्ही काही ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. तीन वाजल्यापासून बसलेल्या बाई साडेसहाला झाडणाऱ्या जमनीला दिसल्या. संडास पायऱ्यांच्या खाली. ओलं लुगडं जमनीनं आपल्या टॉवेलनं झाकलं आणि दोन गडी बोलावले. बाईंनी आमच्याकडे तो विषय काढला नाही. आम्हीही सभ्य माणसं, विचारलं नाही.

मग सोसायटीची स्पर्धा आली. अंतिम सामना पुन्हा खेमसिंगशीच. खुर्ची उचलताना बाई म्हणाल्या, "खेमसिंगभाऊ, मी जिंकली तरी खाली आणजा बरं."

"आधी जिंकून तं दाखवा, मावशी!"

सगळे खदखदून हसले.

शेवटी बाईंची एक सोंगटी आणि राणी उरली. राणी भोकाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडली असती. बाईंनी स्ट्रायकर मांडला आणि मान वर केली. देवसिंग दाराशी चपला घालत होता. राजदीपच्या हातात गाडीची किल्ली होती. मी घड्याळ बघत होतो.

बाईंनी टिचकी मारली. राणी जागच्या जागी राहिली आणि स्ट्रायकरच भोकात गेला. असा फाउल त्यांच्याकडून आम्ही कधी पाहिला नव्हता. पुढच्या दोन पाळ्यांत खेमसिंगनी बोर्ड साफ केला. टाळ्यांनी पत्रे हलले. देवसिंगनं चपला काढल्या.

त्या दिवशी आम्ही बाईंना इतकं जपून उतरवलं, की मांडीवर भरला पेला असता तरी थेंब सांडला नसता. खाली येताच खेमसिंगनी तो जुना अर्ज काढला. त्यावर लिहून ठेवलं होतं: 'सोय समाधानकारक असल्याने अर्ज मागे घेत आहे.'

"सही करा, मावशी. आम्ही आहो ना!"

बाईंनी पावडर लागलेल्या बोटांनी सही केली आणि पेनाला टोपण लावून परत दिलं.

"पुढच्या रविवारी कोणाच्या हातून हरायचं, ते आधीच सांगून ठेवजा," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघंही पोट धरून हसलो. मावशींचा स्वभावच मोठा विनोदी.