वैदेहीच्या गाडीचा रेडिएटर

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी बोलते अन् माझी नात वैदेही फोनवर लिहिते. आज तिचंच कौतुक सांगायचंय, म्हणून ती लिहिताना लाजतेय. लाजू दे.

तिनं जुनी, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार घेतली. दिसायला बेडकासारखी, पण धूलकोटच्या चढाच्या रस्त्याला लागली की इंजिनाचं पाणी उकळायचं. माझ्या लेकानं, म्हणजे तिच्या पप्पांनी बजावलंच होतं, "आता उकळली तर विकून टाकू."

ते पाणी गार ठेवणारा रेडिएटर बदलायचा होता. कंपनीचा मिळेना, म्हणून बाहेरचा घ्यायचा ठरला. आज सकाळी दुकानात लेकानं सगळ्यात जाड, चकचकीत उचलला. "मोठाच घे, कामात येईल."

वैदेही म्हणाली, "पप्पा, गाडी काय वाढत्या अंगाची आहे?"

तिनं केळीच्या खोक्याचे पुठ्ठे चिकटवून बॉनेटखालच्या जागेचं माप आणलं होतं, आपण शिंप्याकडे जुनं ब्लाऊज नेतो तसं. पप्पांचा रेडिएटर बसवला असता तर पंख्याला जागाच उरली नसती. तिनं पातळ, पण दाट जाळीचा निवडला अन् तोच बसवला.

दुपारी मला शेजारी बसवून ती धूलकोटला जाऊन आली. गरमीचा काटा मधेच राहिला, गाडी उकळली नाही. मी मात्र वाटभर देवाचं नाव घेत होते. हे लिहू नको म्हटलं, तरी तिनं लिहिलं.

परत आलो तर लेक फाटकात उभा. "बेटा, मला एक चक्कर मारू देशील?"

तुमच्या घरी पोरीनं गाडीचं सामान निवडलं तर कोण नाक मुरडतं? आमच्याकडचं नाक सध्या तीच गाडी घेऊन दापोऱ्याला गेलंय.