लोणच्याची विलायती बरणी

बुलढाण्यातल्या एका वकिलांशी मी गेली सहा वर्षं बोलत नाही. एक फोन झाला तेवढाच, तोही त्यांनी केलेला. समोरासमोर आलो तर मी रस्ता बदलत नाही, तेच बदलतात. मला ते आवडतं.

मी चिखलीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेच्या अडगळीच्या खोलीत शाईच्या जुन्या बाटल्या पडलेल्या होत्या. मातीच्या, तपकिरी, हातात घेतल्या तर दगडासारख्या जड, आणि बुडाजवळ इंग्रजी शिक्का. त्यातली एक धुऊन मी माझ्या टेबलावर ब्रश ठेवायला घेतली होती. शाळेच्या जागेच्या वादात संस्थेनं ह्या वकिलांना नेमलं होतं. ते एकदा कागद बघायला आले, माझ्या वर्गावरून जाताना थांबले आणि मला नमस्कार करायच्या आधी त्यांनी ब्रश बाजूला काढून बाटली उलटी केली.

"ही विलायतेहून आलेली आहे, बाई. तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांना फार ठाऊक होतं. बुलढाण्याच्या त्यांच्या घरी काचेची चार कपाटं होती आणि आत दिवे लावलेले. इंग्लंडात शेसव्वाशे वर्षांपूर्वी घडलेले पाण्याचे मुठीचे कुंजे, फुलदाण्या, तंबाखूच्या बरण्या. कापसाच्या धंद्यासाठी, रेल्वेसाठी जे गोरे साहेब मलकापूर-खामगावकडे राहिले, त्यांच्या बंगल्यांतून हे सामान इकडेतिकडे पांगलं होतं. वकील ते हुडकून काढत. पुढची सात वर्षं मी महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जायचे. आपण सरसकट सगळ्याला चिनी माती म्हणतो, पण ही माती वेगळी, ती दगड होईपर्यंत भाजतात, हे त्यांनीच मला शिकवलं. भट्टी लालभडक झाली की तिच्यात मीठ फेकायचं, त्या मिठाची वाफ भांड्यावर बसते आणि संत्र्याच्या सालीसारखी बारीक दाणेदार झिलई येते. मी बोट फिरवून ती ओळखायला शिकले. निवृत्तीपर्यंत माझ्याकडेही अकरा वस्तू झाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. कोणाच्या घरी अशी वस्तू दिसली तर तिच्याकडे बघायचं नाही. आधी दुसऱ्याच कशाची तरी चौकशी करायची, मग सहज तिच्यात खोट काढायची.

अमडापूरला माझी एक जुनी विद्यार्थिनी दिली होती. तिच्या मुलीच्या बारशाला गेले तेव्हा पानात लिंबाचं लोणचं आलं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. विद्यार्थिनी म्हणाली, "शेजारच्या चाचींनी पाठवलंय. चला, भेटवते."

चाची सत्तरीच्या पुढच्या होत्या. मुलगा आणि सून शेतावर गेले होते, त्या एकट्याच ओसरीवर बसल्या होत्या. लोणच्याचं कौतुक केल्यावर त्यांनी मला आत नेलं आणि फडताळातून बरणी काढून फडकं सोडलं. मी लोणच्याकडे बघितलं असेल, आठवत नाही. बरणी वीतभर उंच, पोटाला गोल, रुंद तोंडाची. पिवळसर मातीवर निळा आणि शेवाळी रंग, आणि ओल्या मातीत सुईनं कोरलेली पानं, एकात एक गुंतत मागे गेलेली. झाकण हरवलं होतं. कडेचा एक टवका उडालेला. मी उचलून बूड बघितलं. लंडनच्या कारखान्याचा लंबगोल शिक्का होता आणि त्याच्या बाजूला सुईनंच ओढलेली दोन अक्षरं. ज्या बाईनं ती पानं कोरली तिची आद्याक्षरं. त्या कारखान्यात चित्र काढणाऱ्या मुली असायच्या आणि त्यांना बुडाशी आपली खूण ठेवायची मुभा होती, हे मला वकिलांनी सांगितलेलं होतं. त्यांच्या चार कपाटांत अशी खूण असलेली एकही वस्तू नव्हती.

चाचींच्या नवऱ्याचे आजोबा मलकापूरला जिनिंगच्या साहेबाकडे खानसामा होते. साहेब मायदेशी गेला तेव्हा त्यानं ही त्यांना दिली.

मी म्हणाले, "चाची, हिला तडे गेलेत. बघा, केसासारखे. ह्यात खार मुरतो, पुढेमागे लोणचं नासेल."

ते तडे वरच्या झिलईला होते. सगळ्याच जुन्या भांड्यांना असतात. लोणच्याला त्यानं काही होत नाही. मला ते पक्कं माहीत होतं.

चाचींनी बरणी उजेडात धरून पाहिली. "हाव, हायेत खरे," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी झाकणाचे तीन स्टीलचे डबे आणि काचेची मोठी नवी बरणी घेऊन गेले. त्यांनी लोणचं काचेच्या बरणीत काढलं, ती जुनी बरणी धुऊन मला दिली, चहा दिला आणि मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या.

वकिलांना बरणी दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटी करून बुडाची अक्षरं बघितली. मग म्हणाले, "नशीबवान आहात." त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

चार महिन्यांनी बुलढाण्याच्या एका कॉलेजात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. वकिलांनी बरणी दोन दिवसांसाठी मागितली, मी दिली. पहिल्या दिवशी दुपारी मी पोचले तर हॉलच्या मधोमध, वेगळ्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर माझी बरणी होती. समोर छापील पाटी. पाटीवर वकिलांचं नाव, 'यांच्या संग्रहातून', आणि खाली दोन ओळी की ही दुर्मिळ वस्तू लोणारजवळच्या एका पडक्या बंगल्यात त्यांना सापडली.

ते प्राचार्यांना काहीतरी समजावून सांगत होते. मी बाजूला बोलावलं.

"हे काय लिहिलंय?"

"अहो, एकच नाव असलं की बरं दिसतं. लोकांचा गोंधळ होतो नाहीतर."

"आणि लोणारचा बंगला?"

"बाई, लोणच्याची बरणी म्हणून लिहायचं होतं का?" ते हळू आवाजात म्हणाले आणि हसले. "घरी गेल्यावर तुम्हालाच मिळणार आहे. इथे तमाशा नको."

मी टेबलापाशी गेले, बरणी उचलली, पदरात गुंडाळली आणि बाहेर पडले. मागून कोणीतरी "ओ मॅडम" म्हणालं. मी रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनातून फोन आला. वकिलांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिली होती. सात वर्षं ज्यांच्या घरी मी बसले होते, त्यांनी. त्या क्षणी ते समोर असते तर मी बरणीच त्यांच्या डोक्यात घातली असती.

मी अमडापूरला जाऊन चाचींना घेऊन आले. त्यांनी काऊन, कशाले, काही विचारलं नाही. सुनेला भाकरी टाकून ठेवायला सांगितलं, बुरखा घातला आणि माझ्याबरोबर बसमध्ये बसल्या. वाटेत मला खिडकीची जागा दिली.

पोलीस स्टेशनात वकील आधीच येऊन बसले होते. मी नेलेली बरणी जमादारांनी टेबलावर ठेवली. "ही वळखता का, आजी?"

"माह्या घरची हाय. मीच देल्ली बाईले." त्यांनी उडालेल्या टवक्यावर बोट ठेवलं. "हे माह्या सासूच्या हातून झालं. लग्नाच्या दुसऱ्या साली. पळी लागली, आन नाव माहं झालं."

जमादार हसू दाबत वकिलांकडे वळले. "साहेब, आता काय लिहू?"

वकिलांनी तक्रार मागे घेतली. सही केली, पेनचं टोपण लावलं आणि उठता उठता चाचींच्या पुढे खुर्ची ओढून बसले. चांगल्या, सावकाश मराठीत त्यांनी सगळं सांगितलं. ही बरणी काय आहे. किती जुनी आहे. मुंबईत तिला काय किंमत येईल. "आणि ह्या बाईंना हे सगळं माहीत होतं, आजी. तुमच्या घरी आल्या त्या दिवशी माहीत होतं. विचारा त्यांना."

चाचींनी मला विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग जमादारांना म्हणाल्या, "मले म्हने, चाची, तडे गेले, लोनचं नासन."

जमादारांनी कागद आवरायला घेतले.

परतीच्या बसमध्ये त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. मी चिखलीला उतरले. बस उभी होती, तेव्हा त्यांनी खिडकीची काच सरकवली.

"बाई, बरनी द्या."

"नंतर बोलू आपण, चाची. मी येते."

"नंतर कायले? हातात तं हाय तुमच्या."

बस निघाली. मी बरणी छातीशी धरून स्टँडवर उभी होते. दिली नाही मी. हात खिडकीपर्यंत पोचला असता, पण मी तो पुढे केला नाही.

पाच महिने ती माझ्या कपाटात राहिली. पहिले काही दिवस मी मनातल्या मनात वकिलांशी भांडत होते. तुम्ही काय मला सांगता, तुमची चार कपाटं कशी भरली ते मला माहीत आहे. मग चाचींशी भांडायला लागले. तीन डबे आणि काचेची बरणी घेताना तुम्ही खूश होतात ना. कोणी बळजबरी केली होती का? एकदा तर भांडी घासता घासता मी हे मोठ्यानं बोलले. कपाट उघडलं की आधी तीच दिसायची, म्हणून तिला खालच्या फळीवर मागे सरकवली. मग कपाटच उघडेनाशी झाले.

शेवटी मी ती परत न्यायला निघाले, ते मन द्रवलं म्हणून नाही. वकील बुलढाण्यात सगळीकडे सांगत होते की चित्रकलेच्या बाईंनी एका म्हातारीला फसवलं. त्यांचं बोलणं खरं राहू नये, एवढ्यासाठी मी बसमध्ये बसले.

चाची ओसरीवर गहू निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला, बाहेरून अंगठा फिरवला.

"घासली तुमी."

"धुतली थोडी."

त्या उठून आत गेल्या आणि एकेक करून माझे तीन डबे आणि काचेची बरणी बाहेर आणून ठेवली. चारही घासूनपुसून कोरडी, आत वर्तमानपत्राचे बोळे. "पोलीस स्टेशनातून आली त्याच दिवशी काढून ठेवले. हात नाई लावला मंग."

"ते राहू द्या, चाची."

"नाई. घेऊन जा."

मी उभ्याउभ्याच त्यांना सगळं सांगितलं. शिक्का दाखवला, ती दोन अक्षरं दाखवली, ती कोणत्या बाईनं कोरली असतील ते सांगितलं. वकील नक्की येतील, त्यांना फुकट देऊ नका म्हणाले. तडे वरचे आहेत, लोणच्याला काही होत नाही, हेही सांगितलं.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. "आता सांगून राह्यल्या," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

डबे एकात एक जात नव्हते. ते आणि काचेची बरणी असं बोचकं करून मी थांब्यावर आले. माझ्या विद्यार्थिनीच्या घरावरूनच रस्ता होता. ती दारात होती. तिनं मला पाहिलं आणि आत गेली.

वकील गेलेच. एकदा नाही, तीनदा. हे मला त्यांच्या त्या एका फोनवरून कळलं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, सकाळी.

"काय सांगून ठेवलंय तुम्ही त्या म्हातारीला?"

"खरं होतं ते."

"मी मिठाई घेऊन गेलो, दारातच उभं केलं मला. म्हणते, बरणीत लोणचं आहे, संपलं की या. दिवाळीत गेलो, तर म्हणते, अजून आहे. आता गेलो तर समोर कैऱ्या चिरून त्यातच भरत होती. माझ्या डोळ्यांदेखत. लंडनचं काम आहे ते, बाई, आणि ती त्यात मोहरी कालवतेय."

मी फोन ठेवला आणि खूप हसले. त्या हसण्यात चाचींसाठी काही नव्हतं, ते निव्वळ वकिलांची फजिती झाली म्हणून होतं. चाचींकडे मी पुन्हा गेले नाही. त्यांनी बोलावलंही नाही. विद्यार्थिनी आता सणाला मेसेज पाठवते, घरी या म्हणत नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. कोणाच्या घरी काही दिसलं तर आधी सांगायचं की ही वस्तू काय आहे, मग मागायची. परिणाम असा की गेल्या पाच वर्षांत माझ्या कपाटात एकही वस्तू वाढलेली नाही. लोक ऐकतात, डोळे मोठे करतात, आणि वस्तू आत नेऊन ठेवतात. मागच्या वर्षी बीबी गावच्या बाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे निळ्या झिलईचा कुंजा दिसला, मोडक्या मुठीचा, पण सुंदर. तराजूशेजारी त्यात सुतळी ठेवली होती. मी त्याला पंधरा मिनिटं उभं राहून सगळं समजावलं. शिक्का वाचून दाखवला. तो म्हणाला, "विचार करून सांगतो, मॅडम."

त्यानं विचार केला आणि दुसऱ्या कोणालातरी विचारलं. कुंजा आता बुलढाण्यात आहे, चौथ्या कपाटात, दिव्याखाली. पाहून आलेल्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं. मूठही छान जोडून घेतली आहे म्हणे.

खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही वाटलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तो कुंजा मला हवा होता, अजून हवा आहे.