दादाच्या तोंडातली बॅटरी

आमच्या दादाशी बोलायचं म्हणजे आधी त्याला तोंडातली बॅटरी काढायला लावायची. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करतोय आणि तीस वर्षं त्याच्या दातांत बॅटरी आहे. एका हातात ब्रेकचा दांडा, दुसऱ्या हातात चाक. उजेड धरायला देवाने तिसरा हात दिला नाही, म्हणून तोंड. जुन्या बॅटरीच्या बुडाला त्याच्या दातांचे खड्डे पडले होते. कोणी काही विचारलं की "हं". हो असेल तर हं, नाही असेल तर हं हं. वहिनी म्हणते, घरीसुद्धा तेच, बॅटरी नसताना.

मी त्याची धाकटी बहीण. तो ज्या हॉस्पिटलच्या लिफ्ट बघतो, तिथल्याच लाँड्रीत मी आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं माझ्या हाताखालून जातं. बारा वर्षांपूर्वी कपड्यांच्या ट्रॉलीसकट मी दोन नंबरच्या लिफ्टमध्ये अडकले. पंखा बंद, दिवा बंद. थोड्या वेळाने वर खुडबुड ऐकू आली. मी ओरडले, "दादा, तूच आहेस ना रे?" वरून आलं, "हं." "किती वेळ लागेल?" "हं." पंचवीस मिनिटं मी आत रडले, देवाचा धावा केला, त्याला शिव्या घातल्या, आणि त्या माणसाने हंच्या पुढे एक अक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर जाब विचारला तर म्हणे, "तोंडात बॅटरी होती." त्या दिवसापासून मी जिन्याने जाते. आठ मजले. गुडघे कुरकुरतात, तरी जाते. माझा राग असा तसा नाही.

गेल्या वर्षी दादाच्या हिरड्या सुजल्या आणि पुढचे दात एकामागून एक गेले. कवळी आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "काका, या दातांनी जेवायचं, हत्यारं धरायची नाहीत." पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे! तिसऱ्याच आठवड्यात गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो ती जड बॅटरी तोंडात धरून वाकला, आणि बॅटरी अन् कवळी, जोडीने, दोर खाली सोडायच्या भोकातून थेट तळाच्या खड्ड्यात गेल्या. खाली त्याचे साहेब दुसऱ्या कामगाराला काहीतरी समजावत उभे होते. कवळीचे दोन तुकडे झाले. साहेब दोन हात बाजूला होते म्हणून त्यांच्या डोक्याचे झाले नाहीत.

साहेब चांगला माणूस, पण घाबरले होते. म्हणाले, "पुरे झालं. पहिल्या तारखेपासून तुम्ही तक्रारीच्या फोनवर बसायचं." दादा आणि फोन! जो माणूस घरी फोन वाजला की बाथरूममध्ये जातो, त्याने दिवसभर "नमस्कार, काय तक्रार आहे" म्हणायचं? निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. घरी येऊन तो जेवला नाही. वहिनीने मला बोलावलं, मी हेल्मेटवर लावायच्या बॅटरीचा विषय काढला, म्हणजे विसाव्यांदा काढला. दातांच्या कण्या केल्या मी. त्याचं म्हणणं, पट्ट्याने डोकं दुखतं. माझं म्हणणं, डोकं असेल तर दुखेल ना!

शेवटी माझी लेक मामासाठी एक नवी बॅटरी घेऊन आली. बोटाएवढी, मोबाइलच्या वायरने चार्ज होणारी, खिशाला अडकवायला क्लिप असलेली. दादाने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "ही खेळण्यातली ना?" पण दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, "आठ दिवस द्या, नवी बॅटरी बघतोय." साहेब म्हणाले, "बघा. पण तोंडात काही धरलेलं दिसलं, की फोन."

मग काय विचारता! आमच्या दादाने ज्या चौकशीने ती बॅटरी पारखली, त्या चौकशीने कोणी जावई पारखला नसेल. गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकली, मग खांद्याच्या उंचीवरून, मग वहिनी ओरडली. रात्रभर बादलीत बुडवली. दिवसभर किल्ल्यांबरोबर खिशात ठेवली, आपोआप पेटून मांडी भाजते का ते बघायला. रबरी हातमोजे घालून बटण दाबलं. मंद उजेड किती तास टिकतो ते स्टुलावर बसून घड्याळ लावून बघितलं. मोठा उजेड दहा मिनिटांत तापतो, हेही शोधून काढलं आणि लेकीला सुनावलं, जणू तिनेच कारखाना काढला होता. एका जुन्या वहीत सगळं लिहिलं: फरशी, पास. पाणी, पास. खिसा, पास. हातमोजे, काठावर पास.

शेवटची परीक्षा दातांची. साहेबांनी बजावूनही! जोडून आणलेल्या कवळीत ती बॅटरी धरून तो आरशासमोर वाकला. बॅटरी हलकी होती खरी, पण कवळी तिच्याहून हलकी. दोन्ही बेसिनमध्ये पडल्या. वहीत त्याने लिहिलं: दात, नापास. आणि वही मिटली. "मामा, अरे तिच्या बुडाला लोहचुंबक आहे," लेक म्हणाली. "मग? फ्रिजला चिकटवून काकड्या शोधू?" तो म्हणाला आणि आत जाऊन पडला. तो खचलेला मला पहिल्यांदा दिसला, आणि खोटं कशाला बोलू, माझाही राग तेवढ्यापुरता गळाला.

सातव्या दिवशी सकाळी तो लाँड्रीत चहाला आला. बॅटरीशी चाळा करत बसला, चहा प्याला, गेला. संध्याकाळी मशीन बंद करताना मला ती दिसली. कपडे पिळायच्या मशीनच्या कुशीला चिकटलेली. आमचं ते मशीन पिळायला लागलं की सगळी खोली गदगदा हलते, वर ठेवलेली बादली चालत चालत खाली पडते. बॅटरी सकाळी दादाने चाळा करता करता लावली होती तिथेच होती. केसभरसुद्धा सरकली नव्हती.

मी त्याला बोलावून घेतलं आणि बोटाने दाखवलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! दहा खेपा मशीन फिरलंय आज. तुझं लिफ्टचं धूड काय लोण्याचं आहे?" त्याने ती ओढून काढली, परत लावली, परत काढली. वही मागवून घेतली नाही, पण जाताना पायऱ्या दोन-दोन चढत गेला.

आठव्या दिवशी सकाळी मी आठव्या मजल्यावरच्या वॉर्डातून चादरी गोळा करत होते. दोन नंबरची लिफ्ट सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी होती, एकटी, नातवाला बघायला आलेली. दारावर थडाथडा हात मारत होती. तो आवाज मला ठाऊक होता, बारा वर्षांपूर्वीचा माझाच. साहेब धावत आले, दारापाशी उभे राहिले. दादा माझ्या अंगावरून वर मशीनच्या खोलीत गेला.

आणि वरून आवाज आला.

"मावशी, मी लिफ्टवाला. ऐकू येतंय ना? आधी खाली बसा. आता मी ब्रेक सोडतोय, हिसका बसेल, घाबरू नका. बसला? हां, तो मीच दिला. आता चाक फिरवतोय. नातू केवढा आहे तुमचा?" म्हातारी रडत रडत सांगायला लागली, नातू आठ वर्षांचा, झाडावरून पडला, हात मोडला. "मोडणारच! मी पण पडलोय. अजून चार वेळा फिरवतो, मोजा माझ्याबरोबर." दोघांनी मोजलं. चौथ्याला लिफ्ट दाराशी आली. म्हातारी बाहेर येताच साहेबांचा हात धरून म्हणाली, "वरचा तो कोण आहे, त्याला दूध-साखर द्या हो!" साहेबांनी फोनवर दादाऐवजी दुसऱ्याला बसवायचं ठरवलं, हे आम्हाला दुपारी कळलं.

मी धुसफुसत वर गेले. बॅटरी मशीनच्या लोखंडी पाठीला चिकटून चाकावर उजेड टाकत होती. दादा हात पुसत होता.

"बोलता येतं की तुला!" मी म्हणाले. "आणि मी आत होते तेव्हा?"

"तोंडात बॅटरी होती."

"दादा."

त्याने फडकं खाली ठेवलं. "काढता आली असती," तो म्हणाला. "पण तू होतीस आत. माझे हात कापत होते. बोललो असतो तर आवाजही कापला असता, आणि तुला वाटलं असतं, आता काही खरं नाही. ही तर परकी बाई. परक्याशी बोलायला काय लागतं?"

बारा वर्षं मी आठ मजले चढले. मला त्याला मारावंसं वाटलं आणि रडूही फुटलं, दोन्ही एकदम. "अरे मूर्खा," मी म्हणाले, "कापरा आवाजसुद्धा चालला असता मला."

"हं," दादा म्हणाला. तोंडात काही नव्हतं.

खाली जाताना मी त्याच्याबरोबर लिफ्टने गेले.