धाकट्या जावेच्या जालन्याच्या फेऱ्या

काल सकाळी सडा टाकला, भांडी घासली आणि ओट्यावर दळण निवडत बसले होते. धाकटी जाऊ दारात आली.

"ताई, उद्या आम्ही दोघं जालन्याला जाऊन राह्यलो. काही आणायचं का?"

"न्हाई. तुम्ही दोघं या फिरून," मी म्हणाले.

महिन्याला एकदा ती इस्त्रीची साडी नेसून दिराच्या गाडीवर मागे बसते. माझे मालक जाऊन पाच वर्षं झाली. मला ते बघवत नाही.

दिराच्या दुकानाचं दिवाळं निघालं अशी कुजबुज होती. ती खरी निघावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू? काल ती गेल्यावर मोबाईलवर कोर्टाची साइट उघडली, जालना जिल्हा निवडला आणि पक्षकाराच्या नावात 'बापू' टाकलं, कारण घरात सगळे दिराला तेच म्हणतात. काहीच आलं नाही. मग रेशनकार्डावरचं पूर्ण नाव आणि अंदाजाने खटल्याचं वर्ष टाकलं. दिवाळखोरीचा अर्ज समोर आला, खाली सुनावणीच्या तारखा.

तिच्या सगळ्या फेऱ्या त्याच तारखांच्या होत्या. पुढची तारीख आजची होती.

मैत्रिणींनो, तरी हेवा गेला नाही. कोर्टात जायलाही तिच्यासोबत तिचा माणूस आहे. असा हेवा तुम्हाला कधी वाटला का?

आज पहाटे मी दोघांना भाकरी करून दिली, पण वेगवेगळ्या डब्यांत.