हातावरचं दही आणि वागळे इस्टेटची मुलाखत

मंडळी, मला आयबीएस आहे. टेन्शन आलं की पोट बिघडतंच. आज वागळे इस्टेटला नोकरीची मुलाखत होती, म्हणून आठवडाभर नीट राहिलेलो. वेळेवर जेवण, चहा कमी, दूध-दही बंद. काल टेंभी नाक्यावर वडापाववाल्याला वडे तळताना बघत उगाच उभा राहिलो, पण खाल्ला नाही.

सध्या नौपाड्यात मावशीकडे राहतोय. सकाळी निघताना तिने हातावर दही-साखर ठेवलं.

"मावशी, मला दही नाही चालत गं."

"चांगल्या कामाला निघालायस. चमचाभराने काय होतंय रे?"

तिचा चेहरा बघून गिळलं.

अर्ध्या वाटेत रिक्षा सोडून एका हॉटेलात संडास शोधत पळालो. ऑफिसात पोहोचलो तेव्हा माझा नंबर होऊन गेलेला. तिथल्या मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांनी उद्या परत बोलावलंय.

मावशीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या नुसती साखर ठेवते. पण तुला तसाच नाही हं सोडणार."

तुम्ही घरच्यांना पथ्य कसं पटवता? लवकर सांगा, पोट आत्तापासूनच गुरगुरतंय.